फोटोला पत्ता कोण देतो?

गावठाणाची मोजणी ड्रोनने व्हायची असली, की ड्रोनच्या आधी गावात चुन्याचं घमेलं येतं. घरमालक, शेजारी, ग्रामपंचायतीचा माणूस आणि भूकरमापक असे चार-पाच जण बोळाबोळातून फिरतात आणि घराघराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढत जातात. ओटा कोणाचा, पन्हाळीचं पाणी कोणाच्या जागेत पडतं, न्हाणीघर कुठवर सरकलंय, हे सगळं त्या पांढऱ्या रेघेत आणावं लागतं. वाद असला तर तोही तिथेच, रेघेच्या दोन्ही बाजूंना उभं राहून होतो. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला. पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली आणि चुन्याच्या रेघा देशभर पोचल्या. शेतं साऱ्यासाठी इंग्रजी अमलातच मोजून झाली होती. तेहतीस फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, हे गणित शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. गावठाणातल्या घरांवर मात्र शेतसारा नव्हता, म्हणून ती तशीच राहून गेली होती.

बघ्यांच्या मनात येणारा प्रश्न रास्त असतो. वरून सगळ्या गावाचा फोटो निघणारच आहे, तर खाली ही उठाठेव कशाला? बरं, चुन्याचं समजलं. पण देवळामागे जमिनीवर फुली मारून, तिच्यावर तिपाई रोवून तो माणूस इतका वेळ कशाची वाट बघतोय?

फुलीचं उत्तर जरा लांबचं आहे. ते एका कंदिलापासून सुरू करू.

१. कंदील आणि तांबे

रात्री अंगणाच्या मधोमध उंचावर कंदील टांगलाय आणि खाली इकडेतिकडे तांबे मांडलेत, असं समजा. कंदिलाच्या बरोबर खालच्या तांब्याला जवळजवळ सावलीच नाही. बाजूच्या तांब्यांच्या सावल्या मात्र बाहेरच्या अंगाला पडतात. तांबा जितका लांब आणि जितका उंच, तितकी त्याची सावली मोठी.

आता ज्योतीच्या जागी कॅमेऱ्याचं भिंग ठेवा. प्रकाश उलटा, खालून वर जातो, एवढाच फरक. भूमिती तीच राहते. त्यामुळे सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोत मधल्या इमारतीची फक्त गच्ची दिसते, आणि कडेच्या इमारती एकेक भिंत दाखवत बाहेर कललेल्या असतात. नकाशात हे चालत नाही. नकाशा म्हणजे प्रत्येक वस्तूच्या नेमकं डोक्यावर जाऊन पाहिलेलं रूप, आणि एका फोटोत कॅमेरा एकाच जागी असतो.

हे कलणं किती असतं? कॅमेऱ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर १५ सेंटीमीटर आणि विमान जमिनीपासून १५०० मीटरवर असेल, तर फोटोचं प्रमाण १ : १०,००० येतं. फोटोतला एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. ७५ मीटर उंच इमारतीचा माथा फोटोच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर उमटला असेल, तर तो पायथ्यापासून किती सरकला? १० गुणिले ७५ भागिले १५००, म्हणजे अर्धा सेंटीमीटर. जमिनीच्या हिशेबात ५० मीटर! अशा फोटोवर पट्टी ठेवून हद्द ठरवली, तर गच्चीचा मालक शेजाऱ्याच्या अंगणात उतरेल.

शिवाय प्रमाणसुद्धा फोटोभर एकच नसतं. ३००० मीटर उंचीवरून उडणारं विमान कोकणातून घाटाकडे निघालं, तर समुद्रसपाटीलगतच्या खाचराचं प्रमाण १ : २०,००० असतं. ६०० मीटर उंचीचा घाटमाथा कॅमेऱ्याला तेवढाच जवळ, म्हणून तिथे ते १ : १६,००० होतं. खालचं शंभर मीटरचं शेत फोटोत ५ मिलिमीटर, वरचं तेवढंच शेत सव्वासहा.

हे सगळे दोष वाटतात. पण इमारत किती कलली हे फोटोवर मोजता आलं, तर तेच गणित उलटं फिरवून तिची उंची निघते. दोषातूनच माप काढायचं, ही या शास्त्राची सगळ्यात हुशार चाल म्हणावी लागेल. फोटोवरून मोजमाप करण्याच्या या विद्येला फोटोग्रामेट्री हे नाव दिलं आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या जर्मन वास्तुविशारदाने. १८५८ मध्ये तो वेट्झलार इथल्या कॅथेड्रलची मापं घेत होता. उंचावरच्या मापासाठी टांगत्या पाळण्यातून खिडकीत पाय टाकताना तो पडता पडता वाचला. भिंतीवर चढून टेप धरण्यापेक्षा भिंतीचा फोटो घेऊन खाली टेबलावर माप काढलं तर काय बिघडलं, हा विचार त्याने नंतर सोडला नाही.

२. पावणेदोन किलोमीटर लांब डोळे

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर टुणकन उडी मारतो. अंगठा जवळ आणला तर उडी मोठी होते, लांब नेला तर लहान. मेंदू दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतला हाच फरक वाचून जवळ-लांब ठरवतो. या उडीला लंबन म्हणतात.

विमान हेच करतं. सरळ रेषेत जाताना ते असे फोटो घेतं, की प्रत्येक फोटोतला सुमारे ६० टक्के भाग पुढच्या फोटोत पुन्हा येतो. जुन्या हवाई कॅमेऱ्याचा फोटो २३ सेंटीमीटर चौरस असे. १ : २०,००० प्रमाणात त्यात ४.६ किलोमीटर जमीन मावते. ६० टक्के पुन्हा यायची, तर विमानाने दोन फोटोंच्या मध्ये ४० टक्के, म्हणजे १.८४ किलोमीटर पुढे जायचं. ताशी २०० किलोमीटर वेगाने हे अंतर ३३ सेकंदांत कापलं जातं. कॅमेरा दर ३३ सेकंदांनी एकदा डोळा उघडतो.

मग डाव्या डोळ्याला पहिला फोटो आणि उजव्याला दुसरा दाखवायचा. त्यासाठी स्टिरिओस्कोप नावाचं साधं उपकरण असतं: चार पायांच्या चौकटीत दोन भिंगं, एवढंच. पहिल्यांदा बघणाऱ्याला काही क्षण नुसतं धूसर दिसतं. मग एकाएकी कागदातून डोंगर उठतो, दरी आत खचते, झाडं टाचण्यांसारखी उभी राहतात. उठाव खऱ्यापेक्षा जास्तच वाटतो, कारण माणसाच्या डोळ्यांत साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं आणि इथे बघणाऱ्याला पावणेदोन किलोमीटरहून जास्त अंतराचे राक्षसी डोळे मिळालेले असतात.

पुढचं त्रैराशिक. ३००० मीटर उंचीवरून घेतलेल्या या जोडफोटोंत सपाट जमिनीचं लंबन ९२ मिलिमीटर आहे आणि एका टेकडीच्या माथ्याचं त्याहून एक मिलिमीटर जास्त भरलं. टेकडीची उंची: ३००० गुणिले १ भागिले ९३, म्हणजे सुमारे ३२ मीटर. टेकडीवर कोणी चढलं नाही, तिच्या गावालाही गेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या मेडमनॅम इथे असे जोडफोटो रात्रंदिवस तपासले जात. १९४३ च्या अखेरीस तिथल्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी जर्मनीतल्या पेनेमुंडेच्या एका फोटोत उतरत्या रुळांवरचं इवलंसं विमान हेरलं. ते व्ही-१ हे उडतं अस्त्र होतं.

३. धुरळ्यात हरवलेलं शिखर

भारतात हवाई छायाचित्रणाची सुरुवात १९२० मध्ये आग्रा शहरापासून झाली. पाठोपाठ १९२३-२४ पर्यंत तेव्हा ब्रिटिश भारतातच असलेल्या ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळच्या जंगलांचं सर्वेक्षण झालं. पण फोटोला काय कमी पडतं हे कळायला १९३३ सालची एक फजिती जास्त उपयोगी आहे.

त्या वर्षी ३ एप्रिलला बिहारमधल्या पूर्णियाजवळून दोन वेस्टलँड विमानं उडाली आणि माणूस पहिल्यांदा एव्हरेस्टवरून उडत गेला. जगभर वाहवा झाली. मोहिमेचं शास्त्रीय काम मात्र वेगळं होतं: खाली रोखलेल्या कॅमेऱ्यांनी फोटोंचा एकसंध पट्टा घ्यायचा आणि त्यावरून नकाशा करायचा. ते काम फसलं. मैदानातला धुरळा इतका वर चढला होता, की अलीकडचे, जागा आधीच माहीत असलेले डोंगर त्याच्याखाली बुडाले. वरची शिखरं झकास आली होती, पण ती कशाला जोडायची? मोहीम आटोपती घ्या असं सांगितलं गेलेलं असतानाही वैमानिकांनी १९ एप्रिलला पुन्हा उड्डाण केलं, आणि हवे होते ते फोटो तेव्हा मिळाले.

फोटोंची जोडी टेकडीचा आकार हुबेहूब उभा करते. ती टेकडी पृथ्वीवर कुठे आहे, उत्तर कुठल्या बाजूला आहे, हे तिला ठाऊक नसतं. विमान वाऱ्याने तिरकं गेलं की फोटोही तिरका येतो. म्हणून फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या काही खुणांचे अक्षांश, रेखांश आणि उंची जमिनीवर जाऊन ठरवाव्या लागतात. त्यांना नियंत्रणबिंदू म्हणतात. देवळामागची फुली ती हीच. चार खुंट्या ठोकल्याशिवाय तंबू जागेवर राहत नाही, तसं हे आहे.

पण खुंटीचा स्वतःचा पत्ता कसा काढायचा? आजूबाजूला मोजलेली एकही जागा नसेल तर? अशा ठिकाणी सर्वेक्षकाला शेकडो वर्षं एकच आधार होता. तो मान वर करायचा.

४. ध्रुव किती वर?

अक्षांश काढायची सोपी रीत शाळेतल्या मुलालाही जमते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळजवळ तितका त्या जागेचा अक्षांश. कन्याकुमारीला तो आठ अंशांवर लोळत असतो, मुंबईहून एकोणीस, नागपुरातून एकवीस आणि श्रीनगरहून चौतीस अंशांवर दिसतो.

सगळी मेख त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे. पहिली गोष्ट, ध्रुव अढळ नाही. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पूर्णचंद्राच्या व्यासाहून थोडा जास्त दूर आहे आणि रोज त्याच्याभोवती एक फेरी मारतो. म्हणून उत्तर दिशा धरायची असली, की सर्वेक्षक तो फेरीत अगदी पूर्वेला किंवा अगदी पश्चिमेला जायची वाट बघतो. झोपाळा टोकाला गेला की क्षणभर थबकतो, तसं त्या वेळी ताऱ्याचं डावं-उजवं सरकणं थांबतं आणि दुर्बीण निवांत लावता येते.

दुसरी अडचण हवेची. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, तसा वातावरणातून येणारा किरणही वाकतो आणि तारा खऱ्याहून वर दिसतो. मुंबईहून दिसणारा ध्रुव असा सुमारे पावणेतीन कलांनी उचललेला असतो. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ऐकायला किरकोळ, पण एक कला अक्षांश चुकला तर जमिनीवर १.८५ किलोमीटरची चूक होते. ही दुरुस्ती विसरणारा माणूस मुंबईला पाच किलोमीटर उत्तरेला ढकलतो. जुने सर्वेक्षक त्यावर युक्ती करत: उत्तरेचा एक आणि दक्षिणेचा एक असे सारख्या उंचीवरचे तारे घ्यायचे, म्हणजे दोघांचं उचललं जाणं एकमेकांत फिटतं. किंवा सरळ डोक्यावरचेच तारे घ्यायचे. तिथे किरण वाकतच नाही.

रेखांशाला घड्याळ लागतं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशाला चार मिनिटं. भारताचं प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंशांवर आणि मुंबई ७२.८ वर. फरक ९.७ अंशांचा, म्हणजे ३९ मिनिटं. मुंबईत सरासरी मध्यान्ह दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांनी होते ती यामुळेच. हेच गणित उलटं लावून रेखांश काढतात, पण घड्याळ एक सेकंद चुकलं तर मुंबईच्या अक्षांशावर ४४० मीटरचा घोळ होतो.

आणि दिशेसाठी तर ताराही लागत नाही. सपाट जमिनीवर काठी उभी रोवा आणि तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना जिथे शिवतं तिथे एक खडा ठेवा, दुपारी बाहेर जाताना शिवतं तिथे दुसरा. दोन खडे जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी सांगितलेली ही शंकूची रीत. सर्वेक्षणाच्या पाठ्यपुस्तकात समान उन्नतांशांची पद्धत म्हणून जी शिकवतात, तिच्यामागचं तत्त्व हेच.

५. ओळंब्याची लबाडी

ताऱ्याची उंची मोजायला आधी ‘सरळ वर’ म्हणजे कुठे हे ठाऊक हवं. गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने बघतो. सर्वेक्षकही यंत्र समतल करताना अखेर गुरुत्वाकर्षणाच्याच भरवशावर असतो. आणि एकदा हा भरवसा भारतात साफ उघडा पडला.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकाने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी विणायला घेतली. त्याचा कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. वीस वर्षं हे ओझं वाहवून घेत तो मध्य भारतापर्यंत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. साखळी पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्याला पोचवली.

त्या साखळीत दोन ठाणी होती: सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना. दोघांत उत्तर-दक्षिण सुमारे ६०० किलोमीटर अंतर. त्यांच्या अक्षांशांतला फरक दोन प्रकारे काढला गेला. त्रिकोणांवरून तो आला ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला. एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. ताऱ्यांवरून आला ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. तफावत ५.२३६ विकलांची, जमिनीवर सुमारे १६० मीटर. सहाशे किलोमीटरांत एवढं इकडेतिकडे होणारच, असं कोणीही म्हणालं असतं. पण या माणसांना इतकी मोठी चूक शोभणारी नव्हती.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मगुरू आणि केंब्रिजचे गणिती. त्यांना संशय आला तो ओळंब्याचा. कलियाना हिमालयाच्या जवळ आहे. पर्वताचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला उत्तरेकडे खेचत असणार. ओळंबा खाली उत्तरेकडे गेला, तर त्याचं वरचं टोक, म्हणजे आकाशातलं ‘सरळ वर’, दक्षिणेकडे झुकतं आणि अक्षांश खऱ्याहून कमी भरतो. तफावत बरोबर त्याच दिशेची होती! प्रॅटनी डोंगरांचं वजन अंदाजून ही ओढ किती ते काढलं. उत्तर आलं १५.८८५ विकला.

म्हणजे चूक होती, पण व्हायला हवी होती त्याच्या एक तृतीयांशच. हिमालय दिसतो तेवढा जड नव्हता.

१८५५ मध्ये इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या लादीचा मोठा भाग पाण्याखाली असतो. तसाच डोंगराचा हलक्या खडकाचा बुंधा खालच्या जड थरात खोल गेलेला असावा. वर वाढलेलं वजन खालच्या हलकेपणात बरंचसं भरून निघतं. प्रॅटनी पुढे वेगळं स्पष्टीकरण मांडलं आणि दोघांची नावं भूशास्त्रात जोडीने राहिली. नकाशातला दीडशे मीटरांचा घोळ निस्तरायला बसलेल्या माणसांना डोंगराला मूळ असतं याचा पत्ता लागला. तेही कुदळ न मारता.

६. नवे तारे, जुना ओळंबा

देवळामागच्या फुलीवर उभा असलेला माणूस आता ध्रुवाची वाट बघत नाही. त्याच्या तिपाईवरचा रिसीव्हर माणसाने सोडलेले तारे, म्हणजे उपग्रह, ऐकत असतो. तत्त्व मात्र ओळखीचं: घड्याळ. उपग्रहाचा संदेश किती वेळात पोचला यावरून त्याचं अंतर निघतं, आणि चार किंवा अधिक उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा सापडते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटीमीटर जातो, म्हणून घड्याळं तितकी नाजूक लागतात. कायमच्या बसवलेल्या संदर्भ केंद्रांशी ताडून ही जागा काही सेंटीमीटरपर्यंत आणता येते. मग ड्रोनचे शेकडो फोटो या फुल्यांना बांधले जातात. संगणक प्रत्येक ठिपक्याचं लंबन मोजून उंची काढतो, घरांचं कलणं पुसतो आणि प्रमाण सगळीकडे सारखं करतो. तयार होतो तो ऑर्थोफोटो. त्यावरच चुन्याची रेघ गिरवून मिळकत पत्रिकेचा नकाशा होतो.

ओळंबा तरीही पिच्छा सोडत नाही. उपग्रह पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरून उंची सांगतात, पण पाणी वाहतं ते गुरुत्वाकर्षणाच्या सांगण्यावरून. दोन्ही पातळ्या एक नाहीत. मुंबईच्या किनाऱ्यावर, लाटांच्या काठाशी उभं राहून उपग्रहांची कच्ची उंची बघितली तर ती शून्याखाली पन्नासहून जास्त मीटर निघते. कालवा किंवा गटार काढायचं तर हा फरक काढून टाकावा लागतो.

आणि एअरी? १८५० च्या सुमारास त्यांनी ग्रिनिचच्या वेधशाळेत एक मोठी दुर्बीण बसवली. १८८४ मध्ये तिच्यातून जाणारी रेषा जगाचं शून्य रेखावृत्त ठरली. ही दुर्बीण ‘सरळ वर’ ठरवायची ती परातीतल्या पाऱ्याच्या पृष्ठभागावरून, म्हणजे गुरुत्वाकर्षणावरूनच, आणि ग्रिनिचलाही ते किंचित तिरकं ओढतं. तिथे जाणारे प्रवासी ती रेषा दाखवणाऱ्या धातूच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून फोटो काढतात. खिशातल्या फोनवर रेखांश बघितला तर तो शून्य येत नाही, सुमारे ५.३ विकला पश्चिम येतो. फोनचं शून्य हवं असेल तर पट्टी सोडून पूर्वेला १०२ मीटर चालावं लागतं, बाहेरच्या बागेतल्या हिरवळीपर्यंत. तिथे कसलीही खूण आखलेली नाही.